ओरडतो तो साहेब

तिला सगळे किटली म्हणायचे. चटकन उकळायची, झाकण उडायचं, आणि घटकाभरात परत गार. हे नाव दिरानं पाडलं. परदेशात आधी तोच आला, मग त्यानं भावाला ओढलं, भावानं बायकोला, आणि सामानाबरोबर नावही आलं. लाँड्रीतल्या बायकांना त्याचा अर्थ कळायचा नाही, पण पहिल्याच आठवड्यात मुकादमानं तिच्या हातावर हात ठेवला आणि तिनं ओली चादर पिळून त्याच्या तोंडावर मारली, तेव्हा नाव का पडलं असावं ते सगळ्यांना समजलं.

पण ही गोष्ट त्या बाईची नाही. ही गोष्ट सुरू होते तेव्हा किटली वर्षभर थंड पडलेली होती. जिन्यात बुटांचा आवाज आला की नळ बंद, दिवा बंद, नवरा-बायको अंधारात भिंतीला टेकून उभे. शेजारचा म्हातारा त्याच्या घरी गेला की मग श्वास सोडायचा आणि एकमेकांकडे बघायचंही नाही, लाज वाटायची. तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपली होती. ज्या मालकाच्या नावावर परवाना होता तो लाँड्री विकून मोकळा झाला, नव्या मालकानं कागद पुढे केलेच नाहीत, आणि एक दिवस घरी नोटीस आली की अमक्या तारखेला समोर या आणि तुम्हाला या देशात का राहू द्यावं ते सांगा.

का राहू द्यावं? बारा-बारा तास तुमच्या हॉटेलांच्या चादरी इस्त्री करते म्हणून! पण हे तोंडावर सांगायची सोय नव्हती. त्यासाठी वकील लागतो म्हणतात.

तर वकीलसाहेब. सुटकेसा आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस. अरुंद जिना, वर प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर कोर्टाच्या इमारतीचा मोठा फोटो आणि खुंटीला काळा कोट. माणूस ना इथला, ना आपला. कुठून तरी आलेला, चार देशांचं पाणी प्यायलेला. आपली भाषा मोडकीतोडकी बोलायचा, शिव्या तेवढ्या स्वच्छ. आपल्याच पोरांबरोबर कधीकाळी गोदामात हमाली केली होती म्हणे, तिथेच भाषा उचलली. पण हमालाचा वकील कसा झाला, हे कुणी विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण तो ओरडायचा.

"अक्कल आहे का? हा फोटो असा का काढला? कान दिसत नाही! जा, परत काढ!"

"साहेब, आमची तारीख कधी..."

"तारीख मी बघणार की तू? तू वकील आहेस? मग ये, बस इथे माझ्या खुर्चीत!"

लोक खाली मान घालून बाहेर यायचे आणि जिन्यात एकमेकांना सांगायचे, कडक आहे हं, पण कामाचा माणूस. आता यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याला जन्मापासून साहेब असाच दाखवलेला आहे. शाळेत मास्तर ओरडले, दवाखान्यात नर्स ओरडली, ऑफिसात साहेबाच्या आधी शिपाई ओरडला. मग आपल्या डोक्यात पक्कं बसलं की ज्याच्या हातात काही आहे तो ओरडतो, आणि जो गोड बोलतो त्याच्या हातात काही नाही.

खरं सांगायचं तर खरी वकील त्यांना भेटली होती. सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एकदा ती फुकट सल्ला द्यायची. नवरा-बायको आत गेले तशी ती उठून उभी राहिली, स्वतः खुर्ची ओढून दिली, पाणी विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी खात्री देऊ शकत नाही. पण प्रयत्न नक्की करू."

बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "हिला स्वतःलाच खात्री नाही, ही काय डोंबल लढणार? आणि खुर्च्या काय उचलते? मोठी वकील असती तर खुर्च्या उचलल्या असत्या का?"

किटलीलाही ते पटलं. हे लिहिताना माझं रक्त तापतं, पण पटलं, तर पटलंच. त्याच आठवड्यात दोघं सुटकेसांच्या दुकानावरचा जिना चढले. साहेबांनी नोटीस घेतली, पासपोर्ट घेतला, स्टीलच्या कपाटात टाकला आणि किल्ली खिशात. "ओरिजिनल माझ्याकडे राहणार. तुम्ही लोक हरवता. आणि तारखेला तू यायचं नाही. मी बोलणार. तू आलीस तर जज भडकते, केस खलास. कळलं?"

कळलं.

आता तिच्या जोडीदारणीचं सांगायला पाहिजे, नाहीतर किटली पुढे जे वागली ते समजणार नाही.

लाँड्रीत मोठ्या रुळाच्या मशीनवर दोघी दोघी उभ्या असतात. धुतलेली ओली चादर आली की एकीनं एक कोपरा, दुसरीनं दुसरा धरायचा, एका दमात ताणायची आणि तापलेल्या रुळात सोडायची. पलीकडून कडक होऊन बाहेर येते. एकीचा हात मागे राहिला तर चादर तिरकी जाते, पुढे गेला तर बोटं भाजतात. म्हणून जोडीदारणी बदलत नाहीत. किटलीची जोडीदारीण दुसऱ्याच मुलखातली, दोघींची भाषा वेगळी, पण हातांची एकच. दिवसभर एकीनं मान हलवली की दुसरीनं ताणायचं.

तीही याच साहेबांकडे जायची. महिने गेले, काही होईना, पासपोर्ट परत मागितला तर शिव्या. शेवटी ती पोलीस चौकीत गेली. परत आली ती पांढरीफटक. मोडक्या शब्दांत, हातवाऱ्यांनी तिनं किटलीला सांगितलं. चौकीतला माणूस म्हणाला, "पासपोर्ट तुम्हीच दिला ना? मग चोरी कशी झाली?" मग म्हणाला, "हा तुमच्या दोघांतला व्यवहार आहे, वकिलाकडे जा." वकिलाविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या बाईला हा सांगतोय वकिलाकडे जा! आणि शेवटी विचारलं, "बरं, तुमचा परवाना दाखवा." ती उठून पळाली.

एकदा म्हणे पोलिसांनी त्या ऑफिसला टाळंही ठोकलं होतं. पंधरवड्यात साहेब शेजारच्या खोलीत बसले, पाटीवर नवं नाव, तोच कोट, तीच खुंटी. पोलिसांना खालच्या दुकानदारानं सांगितलं, तर ते म्हणाले, त्या नावाविरुद्ध आमच्याकडे तक्रार नाही.

पण जोडीदारणीला शोधायला मात्र कायद्याला पाय फुटले. एका सकाळी लाँड्रीत गणवेशातली माणसं आली, मुकादमानं बोट दाखवलं. दोघींनी तेव्हा चादर ताणून धरलेली होती. एकानं जोडीदारणीच्या दंडाला धरलं, तिच्या हातातला कोपरा सुटला, चादर अर्धी रुळात आणि अर्धी फरशीवर. तिला बोलायला सुद्धा वेळ दिला नाही. तिच्या सुनावणीची तारीख होऊन गेली होती, साहेब म्हणाले होते पुढे ढकलली, आणि ती ढकललेली नव्हतीच. किटली आपला कोपरा घट्ट धरून तशीच उभी. मुकादम ओरडला, "सोड! जळेल!" तेव्हा तिला कळलं की जळका वास येतोय.

घरी सांगितलं तर दीर म्हणाला, "तिनं साहेबांशी वाकडं घेतलं, पोलिसात गेली. साहेबांनी केस सोडून दिली. तू शहाणी असशील तर तोंड उघडू नकोस."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. पण भीतीचं असंच असतं. ती माणसाला खऱ्या धोक्यापासून पळवून त्याच्याच मांडीवर नेऊन बसवते. किटली गप्प राहिली.

तिची तारीख उजाडली. नवरा कामावर निघताना म्हणाला, "आज घरातून हलू नकोस. साहेब फोन करतील."

"मी लांबून बघून येते. फाटकाच्या आत पाय टाकणार नाही."

"काय बघणार आहेस? साहेबांचं लग्न आहे का तिथे?"

"ते आत जातात की नाही, तेवढंच."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं! त्यांनी बघितलं तर?"

"मग तुम्ही घरी थांबा. माझ्यानं या चार भिंतीत बसवत नाही. जिन्यात पाय वाजले की जीव जातो माझा."

नवरा बूट घालत राहिला. दाराशी गेल्यावर वळून म्हणाला, "डोक्यावर ओढणी घे. ओळखू येणार नाहीस." यापलीकडे त्या बिचाऱ्याचं धाडस नव्हतं.

सुनावणीची इमारत फोटोतल्यासारखी मुळीच नव्हती. साधी राखाडी, फाटकाशी एक पोलीस आणि एक सुरक्षारक्षक. रस्त्यापलीकडे बसच्या निवाऱ्यात किटली उभी राहिली. बस आली की गर्दीत मिसळायची, बस गेली की खांबाआड.

साहेब आले. अंगात तोच काळा कोट, हातात बॅग. किटलीच्या जिवात जीव आला. उगाच शंका घेतली बाई, म्हणाली मनात. साहेब फाटकाकडे निघाले. पोलिसानं सहज मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

आणि साहेबांनी खिशातून फोन काढून कानाला लावला. मान खाली घातली, बोलायला लागले, चाल न बदलता सावकाश वळले आणि रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात शिरले. फोनवर पलीकडे कुणी नव्हतं.

हे किटलीला कुणी सांगावं लागलं नाही. वर्षभर ती स्वतः तेच करत होती. पोलीस दिसला की फोन कानाला, पळायचं नाही, वळायचं सावकाश. तिच्या नवऱ्याला, दिराला, लाँड्रीतल्या अर्ध्या बायकांना ही चाल येते. साहेबांनाही येत होती. ज्याच्या भरवशावर ती होती तो तिच्याइतकाच भित्रा निघाला. दुकानाच्या काचेतून दिसत होतं, साहेब चहात साखर ढवळत होते. थोड्या वेळानं फोन करतील आणि म्हणतील, तारीख पुढे ढकलली.

समोर फाटक, फाटकाशी वर्दी. मागे घर, आणि घरी एक दिवस दंडाला धरणारी माणसं. आगीतून फुफाट्यात जायचं की फुफाट्यातून आगीत, एवढाच प्रश्न होता. रस्ता ओलांडला तो धैर्यानं नाही. जोडीदारणीला बोलायला वेळ मिळाला नव्हता, तो आपल्याला फाटकाच्या आत मिळेल, एवढंच तिला सुचलं.

"कुणाकडे?" पोलीस म्हणाला.

तिनं फोनमधला नोटिशीचा फोटो पुढे केला. त्यानं बघितलं, जांभई दिली आणि बोटानं आत जायला सांगितलं. आतलं यंत्र टुंईटुंई वाजलं तशी ती किंचाळलीच. कुडत्याला आतून लावलेली सेफ्टी पिन निघाली.

खोली लहान. पिंजरा नाही, लाकडी हातोडा नाही. टेबलामागे सर्दी झालेली एक बारीकशी बाई, सारखी नाक पुसत होती. तीच जज. दुभाष्या फोनवर होता, त्याच्या मागे कुणाचं तरी पोर रडत होतं.

"बसा," जज म्हणाली. "पाणी हवंय?"

किटलीनं मनात म्हटलं, पाणी विचारतात, म्हणजे संपलं! फासावर द्यायच्या आधी शेवटची इच्छा विचारतात तसं.

"तुमचे वकील कुठे आहेत?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"चहा पितायत."

दुभाष्यानं एकदा खात्री करून घेतली, "ताई, चहाच म्हणालात ना?" मग सांगितलं. जजनं रुमाल खाली ठेवला आणि नाव विचारलं. किटलीनं सांगितलं. जजनं कारकुनाकडे बघितलं, त्यानं मान हलवली. या नावाचा वकील इथे कधी उभा राहिलेला नव्हता.

"तुम्ही आज आला नसतात," जज म्हणाली, आवाज अजून मऊच, "तर तुमच्या माघारी निकाल द्यावा लागला असता. पुढची तारीख देते. तोवर नोंदणी असलेला वकील बघा, फुकट मिळतो. आणि मूळ पासपोर्ट घेऊन या. त्याशिवाय पुढे जाता येणार नाही."

"तो त्या माणसाकडे आहे."

"ते काम पोलिसांचं आहे. मला त्यात हात घालता येत नाही."

म्हणजे दार उघडलं ते एवढंच, बोट जाईल इतकं. पासपोर्ट नसेल तर तेही बंद.

ती बाहेर आली आणि साहेबांनी तिला पाहिलं. रस्ता ओलांडून आले, फाटकापासून जरा लांब उभे राहून गरजले, "तुला कुणी सांगितलं यायला? अक्कल गहाण टाकलीस? सगळी केस खराब केलीस तू!"

सवयीनं तिची मान खाली गेली. मग जोडीदारीण आठवली की काय, कुणास ठाऊक, पण किटली वळली आणि फाटकावरच्या पोलिसाकडे गेली. इथे राहून शिकलेले होते नव्हते तेवढे शब्द गोळा केले. "हा माणूस वकील नाही. माझा पासपोर्ट ह्याच्याकडे."

पोलीस नाइलाजानं दोन पावलं पुढे आला. "तुम्ही वकील आहात?"

"छे छे!" साहेबांचा आवाज लोण्यासारखा झाला. "मी मित्र. बाईंना भाषा येत नाही, मदत करतो."

"मग तुमचं तुम्ही मिटवा," पोलीस म्हणाला. "तक्रार द्यायची तर ऑफिस ज्या भागात आहे तिथल्या चौकीत. इथे नाही." आणि किटलीकडे वळून, "तुमचा परवाना आहे ना?"

ती एक पाऊल मागे सरली. पोलिसाला खरं तर उत्तर नको होतं, तो परत फाटकाशी गेलाही. पण साहेब हसले. तिच्याजवळ येऊन पहिल्यांदाच हळू बोलले. "पासपोर्ट माझ्या कपाटात आहे, बाई. जाळला तर कुणाला कळणार?" आणि निघून गेले.

ओरडण्याची तिला सवय होती. हे हळू बोलणं तिच्या मणक्यातून गेलं.

ती मागोमाग चालत राहिली, अंतर ठेवून. घरी फोन केला असता तर नवरा म्हणाला असता, पाया पड. म्हणून केला नाही. सुटकेसांच्या दुकानाशी ती थांबली, कठडा धरला, एकेक पायरी चढली.

वर खुर्च्या भरलेल्या. एक म्हातारा, दोन-तीन पोरं, आणि एक नवरा-बायको, बाईच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. किटली सरळ आतल्या खोलीत शिरली. साहेब कोट खुंटीला लावत होते.

"चालती हो."

"जाते," ती म्हणाली. आवाज कापत होता, आणि तिनं तो कापू दिला. "जजबाईंनी तुमचं नाव विचारलं. मी सांगितलं. पत्ताही विचारला. म्हटलं, मला पाठ नाही, उद्या बघून सांगते. पासपोर्ट मिळाला तर मला कशाला पत्ता लागतोय?"

नाव विचारलं ते खरं. पत्त्याचं साफ खोटं. जिना चढताना रचलेलं. जन्मात कधी एवढं मोठं खोटं ती बोलली नव्हती आणि साहेबांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं तेव्हा तिला वाटलं, पकडलं. पण घाबरलेला माणूस हिशोब करत नाही, मग तो कोट घालो की कुडता. कपाट उघडलं. आत पासपोर्टांच्या गड्ड्या, रबर लावून रचलेल्या, जुन्या चपलांसारख्या. त्यानं एक काढून तिच्या अंगावर फेकला. तिनं उघडून फोटो बघितला. आपलाच. कुडत्याच्या आत खुपसला.

आता पळायचं होतं. पाय पळायलाच निघाले होते. पण बाहेरच्या खोलीत ती माणसं होती, आणि त्या बाईच्या पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याचा कोपरा दिसत होता. दोन पासपोर्ट, द्यायला आणलेले.

"हा वकील नाही," किटली म्हणाली. जोरात म्हणायचं होतं, निघालं घोगरं. "कोर्टात शिरत नाही. पोलीस दिसला की पळतो. मी आत्ता बघून आले. कपाटातले सगळ्यांचे..."

"बाहेर काढा हिला!" साहेब दारात येऊन कडाडले. "वेडी आहे! हिची केस मी फेकून दिली म्हणून बोंबलते! निघ! निघ इथून!"

खुर्च्या हलल्या नाहीत. म्हाताऱ्यानं नापसंतीनं जीभ टाळ्याला लावली. "बाई, साहेबांशी असं बोलतात का?" पोरांनी नजरा मोबाइलमध्ये घातल्या. आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे कधीकाळी तिच्याही चेहऱ्यावर होतं: बघा, काय जरब आहे माणसाची. तो जितका ओरडला तितका खरा ठरत गेला.

ती जिना उतरली. खालच्या पायरीवर भिंतीला धरून बसली. दुकानदार बाहेर येऊन बघून गेला. वर अजून आरडाओरड चालू होती. मग दार वाजलं आणि जिन्यात पावलं. उतरणारी, घाईची. तिनं छातीवरचा पासपोर्ट दोन्ही हातांनी दाबून धरला. उठायला पाहिजे होतं, उठता येईना. डोळे मिटले.

पावलं तिच्या मागच्या पायरीवर थांबली.

तिनं वळून पाहिलं. ती पिशवीवाली बाई होती, एकटीच. धापा टाकत होती, पिशवी पोटाशी आवळलेली.

"नवऱ्याला म्हटलं, बाथरूमला जाऊन येते," ती म्हणाली. "तो मला शोधायच्या आत सांगा, ताई. तुम्ही आत गेलात, तर तिथे काय विचारतात?"

किटली सरकली आणि तिला पायरीवर जागा करून दिली.